केळुसकरकाकांची न दिलेली खूण

आमच्या बिल्डिंगमध्ये केळुसकरकाका हे एकच गृहस्थ असे, की जे लिफ्टमध्ये भेटले की बोलत नाहीत, खूण करतात. क्रिकेटच्या पंचाची खूण. आणि खूण केली की तसेच उभे राहतात. समोरच्याने हात वर करून पोच दिल्याशिवाय त्यांचे हात खाली येत नाहीत, मग लिफ्ट तळमजल्याला पोचून पुन्हा वर निघाली तरी चालेल.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. मी गाडी घाईघाईत दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये लावली होती. लिफ्टचं दार उघडलं तर आत एक उंच, वाळके, साठीच्या आसपासचे गृहस्थ. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दोन्ही हात आडवे पसरले. मला वाटलं, मिठी मारतायत. परदेशात मराठी माणूस दिसला की काहींना भरून येतं, म्हणून मीही पुढे झालो. तर ते मागे सरकले. हात तसेच. माझी मुलगी इरा बहुधा एकदा त्यांच्या तावडीतून गेलेली होती. ती शांतपणे म्हणाली, "डॅडी, जस्ट रेज युअर हँड." मी हात वर केला. गृहस्थांनी हात खाली घेतले.

"वाइड," ते म्हणाले. "गाडी नीट लावा."

पुढे मला ही भाषा येऊ लागली. काकूंनी अर्धा कप चहा दिला की काका बोटांची टोकं खांद्याला लावायचे. शॉर्ट रन. कालवण फक्कड झालं की दोन्ही हात डोक्यावर, सिक्सर. माझं प्रमोशन झालं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढा तोंडात टाकला, एक गुडघा वर उचलला आणि त्याला हात लावला. लेग बाय. म्हणजे धाव मिळाली, पण बॅट लागली नाही. मला राग आला होता, खरं सांगतो, पण प्रमोशन कसं मिळालं होतं ते मलाही माहीत होतं. मी गपचूप हात वर केला.

"हे हात वर करायचं काय आहे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"पंचाने खूण केली की स्कोअररने हात वर करून सांगायचं असतं, मिळाली म्हणून. तोवर पंचाने खूण सोडायची नाही. नियम आहे."

नियम. या माणसाचा जीव नियमात होता. दिवसभर अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये एसीच्या डक्टचे हिशेब करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा कोट, पांढरी टोपी घालून फ्रायडे लीगमध्ये पंच म्हणून उभं राहायचं. सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तरी लीगचं नाव फ्रायडेच राहिलंय. वाळूचं मैदान, मधोमध अंथरलेलं मॅटिंग, पलीकडे गोदामं. तिथे काकांचा शब्द शेवटचा असायचा. कुणी नुसता चेहरा वाकडा केला तरी ते म्हणायचे, "दिलं ते दिलं."

एकदा मी त्यांना सगळ्या खुणा करून दाखवायला लावल्या. खाली पार्किंगमध्ये त्यांनी एकेक करून दाखवली, अगदी शाळेतल्या ड्रिलसारखी. शेवटची करताना मात्र त्यांनी हात छातीवर फुलीसारखे आडवे घेतले, उजवा हात डाव्या खांद्याला, डावा उजव्या खांद्याला लावला, आणि चटका बसल्यासारखे लगेच सोडले.

"ही कसली?"

"दिलेला निर्णय मागे घेतला, ही."

"कधी दिलीत?"

"नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"मुळात चुकायचं नाही. आणि मागे घ्यायचा तर तिथल्या तिथे घ्यावा लागतो. मागाहून वाईट वाटलं म्हणून नाही घेता येत."

निखिल हा त्यांचा एकुलता एक. इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. लहान असताना तो मैदानाबाहेर छत्रीखाली स्कोअररशेजारी बसायचा, आणि बाबांनी खूण केली की हात वर करायचं काम त्याचं असायचं. काकू सांगतात, पोराने हात वर केला तरी काका मुद्दाम न दिसल्यासारखं करायचे, म्हणजे त्याला पंजावर उभं राहून आणखी उंच करावा लागायचा. ते घरचं खेळणं होतं दोघांचं.

पुढे निखिल आमच्याच टीमचा फास्ट बोलर झाला. मी विकेटकीपर होतो, म्हणजे चेंडू मागे गेला की तो आणायला जाणारा माणूस. निखिल आल्यापासून माझी धावपळ दुप्पट झाली, कारण त्याचा वेगवान चेंडू मला दिसायचाच नाही. त्याच्या जोरावर आम्ही फायनलला पोचलो. आणि फायनलच्या दिवशी नेमलेला पंच आला नाही. दोन्ही टीम एकमुखाने म्हणाल्या, केळुसकरकाका उभे राहू देत. समोरच्या कॅप्टनला तर आनंदच झाला. काका पोटच्या पोराच्या बाजूने निर्णय देणार नाहीत याची सगळ्या दुबईला खात्री होती.

शेवटची ओव्हर टाकायला निखिल आला. समोरच्यांना थोड्याच धावा हव्या होत्या, पण त्यांची बॅटच लागत नव्हती. पहिला चेंडू माझ्या ग्लोव्हजमध्ये आला तोच कानावर आवाज पडला. "नो बॉल." लेगच्या बाजूला काका एक हात आडवा करून उभे होते. रेषेवरून पाय पुढे गेला असेल असं मला वाटलं. पण काका चालत पिचपर्यंत आले आणि आमच्या कॅप्टनला म्हणाले, "कोपर सरळ होतंय. चेंडू टाकत नाहीये, फेकतोय. ही ताकीद."

निखिलने आणखी एक टाकला. पुन्हा हात आडवा. नियमाप्रमाणे त्याची गोलंदाजी बंद. बदली बोलरला समोरच्यांनी मनसोक्त धुतला आणि आम्ही फायनल हरलो. पण ती हार नंतर कुणाच्या लक्षातही राहिली नाही. लक्षात राहिला तो पार्किंगमधला प्रसंग.

"बाबा, नोबडी इव्हन कम्प्लेन्ड," निखिल म्हणाला.

"तक्रार लागत नाही. दिसलं की द्यायचं."

"तुम्हाला दिसलं नाही. यू वेअर लुकिंग फॉर इट."

काका पांढरा कोट काढून त्याची घडी घालत होते. ते म्हणाले, "दिलं ते दिलं."

त्यानंतर निखिल बापाशी बोलला नाही. आधी एकाच घरात राहून बोलला नाही. म्हणजे तो काकूंना सांगणार, "आई, टेल हिम एसी कमी करा," आणि काका तिथेच सोफ्यावर बसून काकूंनाच सांगणार, "त्याला म्हणावं, चोवीसवरच आहे." काकू म्हणायच्या, दोघंही माझ्याशीच बोलतात, माझा घसा बसायची वेळ आली. मग निखिलने सिलिकॉन ओएसिसमध्ये मित्रांबरोबर फ्लॅट घेतला आणि घरातला तेवढाही आवाज गेला. दर आठवड्याला काकू डबा घेऊन जायच्या. गाडी काका चालवायचे. पण वर जायचे नाहीत. खाली एसी लावून स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे, आणि रिकामा डबा आला की तो हलवून बघायचे. रिकामा आहे म्हटल्यावर गाडी सुरू करायचे.

असं दोन वर्षं चाललं. निखिलने क्रिकेट सोडलंच होतं.

आणि मग मागच्या हिवाळ्यात इथे बेसबॉलची एक लीग सुरू झाली. चांगली व्यावसायिक, पगारी खेळाडूंची. वाळवंटाच्या कडेला नवं स्टेडियम, परदेशातून आलेले खेळाडू, आणि त्यांच्यात चार-दोन जागा इथल्या क्रिकेटवाल्या पोरांसाठी. त्यांच्या चाचणीला निखिलला एका मित्राने ओढून नेलं. तिथल्या अमेरिकन कोचने त्याला नुसता चेंडू फेकायला सांगितला. निखिलने फेकला. कोचने ग्लोव्ह काढून हात झटकला आणि विचारलं, इतके दिवस तुला फेकू नकोस म्हणून कुणी सांगितलं होतं? निखिल म्हणाला, "माय अंपायर." काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा काका शेजारीच होते. माय फादर नाही म्हणाला, हे आम्हा तिघांच्याही लक्षात आलं.

निखिलला निळ्या संघाने राखीव पिचर म्हणून घेतलं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. फेकणारा, लक्षात घ्या. ज्यासाठी घरात बोलणं बंद झालं, तेच करायचे आता पैसे मिळणार होते. करार मात्र फक्त त्या सीझनपुरता. चांगला फेकला तर पुढे ठेवणार, नाहीतर खलास.

काकांनी काय करावं? त्यांनी बेसबॉलचं नियमांचं पुस्तक मिळवलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. चष्मा लावून, खाली खुणा करत. एका संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. दारातच उभे राहिले.

"सुहास, संपूर्ण वाचलं. दोनदा. कोपराबद्दल त्यात कुठेही काही नाही."

"मग चांगलंच आहे की, काका."

"कितीही वाकवा, कितीही सरळ करा. कुणी काही म्हणू शकत नाही त्याला." एवढं बोलून ते आपल्या दारापर्यंत गेले आणि परत आले. "तिकिटं काढशील? मला ते अ‍ॅपवरचं जमत नाही. कुणाला सांगू नकोस."

पहिल्या सामन्याला आम्ही दोघंच गेलो. पुढच्या रांगेच्या जवळची जागा मिळाली. काकांना तो खेळ काही पटला नाही. मैदानातल्या सगळ्यांना ग्लोव्हज बघून ते म्हणाले, मग कीपरला मान काय राहिला. पंच बघून तर त्यांना धक्काच बसला. तो मुखवटा लावून कीपरच्या पाठीमागे वाकतो आणि आउट दिला की भांडायला निघाल्यासारखी मूठ मारतो. "आणि पोच कोण देतो त्याला? खूण केली, सोडून दिली. कुणी बघितली, नाही बघितली, काही नाही." मी म्हटलं, काका, करक चहा घ्या.

मग निखिल आला. निळी टोपी, निळी जर्सी, मधल्या उंचवट्यावर उभा. काका ताठ बसले. निखिलने पाय उचलला, हात मागे नेला आणि फेकला.

आणि काकांचा उजवा हात आडवा झाला.

त्यांनी केला नाही. झाला. इतक्या वर्षांची सवय, डोळ्यांनी कोपर पाहिलं आणि हात उठला. शेजारी एक फिलिपिनो बाई नाचोजची थाळी घेऊन बसल्या होत्या, ती थाळी उडून पुढच्या रांगेत गेली. लोक ओरडले. त्या गोंधळाने निखिलने वर पाहिलं. त्याला चीज उडालेलं दिसलं नसेल. त्याला दिसला तो एक वाळका म्हातारा, एक हात आडवा करून बसलेला. मी तो हात ओढून खाली घेतला, पण उशीर झाला होता.

निखिलने ग्लोव्ह तोंडासमोर धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्यानंतरचे त्याचे चेंडू कीपरच्या डोक्यावरून, बाजूने, एक तर फलंदाजाच्या पाठीत. कोच चालत आला, त्याच्या हातातून चेंडू घेतला आणि त्याला बाहेर पाठवलं. जाताना त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

 परतताना घराजवळच्या सिग्नलला काका म्हणाले, "आता त्याला वाटणार, मुद्दाम आलो होतो मी."

"काका, तुम्ही फोन करा त्याला. सांगा."

"काय सांगू? निर्णय चुकला म्हणून? चुकला नव्हता. कोपर सरळ होत होतं." सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, मी गाडी काढली. मग ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सहा महिने होत होतं, सुहास. खाली पार्किंगमध्ये सराव करायचा ना, मला बाल्कनीतून दिसायचं. घरी बाप म्हणून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, सुटेल आपोआप, पोराचा हिरमोड कशाला. आणि तिथे सगळ्यांसमोर पंच म्हणून सांगितलं."

 मला त्यांची चीड आली, कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस गाडी चालवत राहतो.

पुढचा सगळा सीझन काका सर्वांत वरच्या रांगेत बसले. उन्हाळ्यात घालावी तशी मोठी टोपी, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. निखिल फेकायला आला की पाठ फिरवून मागच्या हायवेकडे बघायचे. "माझी नजर कोपरावरच जाते," म्हणायचे. "मी बघणार नाही. तू सांग." मग मी बघायचो आणि सांगायचो, आणि मला येतं तेवढंच क्रिकेट, त्यामुळे यॉर्कर, फुलटॉस असं काहीही. पण एक गोष्ट मलाही दिसत होती. निखिल सुधारत होता. आधी हरलेल्या सामन्यात एखाद-दोन चेंडूंसाठी आणायचे, मग अटीतटीच्या वेळी आणू लागले. मी सांगायचो, "आउट केला, काका." पाठमोरे काका फक्त मान हलवायचे.

त्याच सुमारास काकांची नोकरी संपली. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि माणूस घरी जातो. वर्कशॉपवाल्यांनी शाल दिली, केक कापला, यल्ला बाय, म्हणजे चला, निघा. दापोलीचं घर झाडून ठेवायला सांगितलं गेलं. परतीचं विमान सीझनच्या शेवटच्या सामन्यानंतर दोन दिवसांनी होतं. काकूंनी तारीख मुद्दाम तशी घेतली असणार. निखिलला त्यांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आय विल ड्रॉप यू टु द एअरपोर्ट, आई." यू म्हणजे काका धरून की काका सोडून, ते काकूंना कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

शेवटच्या सामन्याला काकूही आल्या. त्यांच्याकडे निखिलने दिलेला पास होता, अगदी जाळीला लागून. काका सवयीने वरच्या पायऱ्या चढू लागले तशी काकूंनी त्यांच्या शर्टाला धरलं.

"अहो, वर नाही. आज माझ्या शेजारी."

"अगं, माझा हात..."

"हाताचं मी बघते."

त्यांनी काकांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत पकडला. काका मला म्हणाले, "सुहास, डावा तू धर. नो बॉल कुठल्याही हाताने देता येतो." मी धरला. शेजारच्या रांगेतल्या लोकांना वाटलं असेल, आजोबांना पकडून आणलंय.

सामना निळ्यांच्या बाजूला फक्त एका धावेने झुकलेला. जिंकले तर पहिले, हरले तर काही नाही. शेवटचा डाव, पिवळ्यांची फलंदाजी. दोन गडी बाद झाले, तिसरा झाला की डाव संपणार, आणि मग काय झालं कोण जाणे, एकापाठोपाठ एक पिवळे धावले आणि तिन्ही बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे तिन्ही थांबे, भरले. आता एक फटका बसला की सामना गेला. कोच बाहेर आला आणि त्याने हात करून बोलावलं ते निखिलला.

माझ्या तळहाताला घाम सुटला. काकांच्या हातालाही सुटला होता, कुणाचा कुठला ते कळत नव्हतं. काका सीटवर वळू लागले, पाठ करायला.

"अहो, बघा," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "उद्या-परवा जाणार आपण. कधी बघणार?"

काका वळता वळता थांबले. आणि समोर बघितलं.

समोर जो फलंदाज होता त्याने त्या सीझनमध्ये बरेच चेंडू मैदानाबाहेर पाठवले होते. पहिला चेंडू. काकांचा हात माझ्या हातात उसळला, मी दाबून धरला. स्ट्राइक. म्हणजे फलंदाजाची एक चूक, तीन झाल्या की बाद. दुसरा बाहेर गेला. तिसरा बाहेर. चौथ्याला बॅट लागली आणि चेंडू जाळीवर आदळला, बरोबर आमच्यासमोर, म्हणजे तोही स्ट्राइकच. काकू दचकल्या, पण हात सोडला नाही. चेंडूबरोबर निखिलची नजर जाळीपर्यंत आली आणि थांबली.

त्याने आम्हाला पाहिलं. आईला, मला, आणि दोघांच्या मध्ये दोन्ही हात धरून बसवलेल्या बापाला.

मला वाटलं, गेलं. पहिल्या सामन्यासारखंच होणार. पुढचा चेंडू खरंच भलतीकडे गेला. तीन बाहेरचे, दोन स्ट्राइक. आता एक चांगला पडला तर जिंकले. एक वाईट पडला, म्हणजे चौथा बाहेर गेला, तर फलंदाज फुकट चालत जाणार, पुढचा एक आपोआप घरी पोचणार आणि बरोबरी. आणि फटका बसला तर सगळंच संपलं. स्टेडियममध्ये ढोल वाजवणाऱ्यांनीही ढोल थांबवले.

निखिलने ग्लोव्ह तोंडासमोर धरला. टोपीखालून तो अजून इकडेच बघत होता, असं मला वाटलं. आणि काकांनी डोळे मिटले नाहीत, खाली बघितलं नाही. मान पुढे काढून ते पोराच्या चेहऱ्याकडे बघत होते. कोपराकडे नाही. चेहऱ्याकडे. मी इतक्या जवळ होतो की मला नजर कुठे आहे ते कळत होतं.

निखिलने पाय उचलला. फेकला.

मी हात दाबून धरायला गेलो, पण माझ्या हातातला हात सैल होता. हलला नाही.

कीपरच्या ग्लोव्हजमध्ये खाडकन आवाज झाला आणि पंचाने ती भांडखोर मूठ मारली. आउट.

पुढचं सगळं एकदम झालं. निळे खेळाडू धावत आले, निखिल त्यांच्यात दिसेनासा झाला, कागदाचे तुकडे उडाले, स्पीकरवर कुणीतरी काहीतरी किंचाळू लागलं. काकू रडत होत्या आणि ओढणीने नाक पुसत होत्या. त्यासाठी त्यांनी काकांचा हात सोडला होता. मीही टाळ्या वाजवायला सोडला होता.

काका उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून सीटवर ठेवली. मग दोन्ही हात छातीवर आडवे घेतले, उजवा डाव्या खांद्याला, डावा उजव्या खांद्याला, आणि तसेच उभे राहिले.

मला ती खूण ओळखायला थोडा वेळ लागला. काकूंना लागला नाही. त्या रडायच्या थांबल्या.

निखिल गर्दीतून बाहेर आला तेव्हा त्याची टोपी कुणीतरी पळवली होती. तो हसत होता. हसत हसत त्याने जाळीकडे बघितलं आणि हसू गेलं. बेसबॉलच्या त्या मैदानात ती खूण ओळखणारे फार तर चार-पाच असतील, आणि त्यातला एक तो होता. तो उभा राहिला. कोचने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, दोन खेळाडूंनी त्याला ओढून नेला. तो गेला. दहा-बारा पावलं पाठमोराच गेला.

काकांनी हात सोडले नाहीत.

लोक बाहेर पडू लागले. त्या फिलिपिनो बाईसारखी कुणीतरी आमच्या अंगावरून वाट काढत गेली. एक मल्याळी गार्ड आला. "खलास सर, चलिए, यल्ला," म्हणाला. मी त्याला म्हटलं, "दो मिनट, भाई." त्याने काकांकडे पाहिलं आणि तो का कोण जाणे, तिथेच थांबला. काकांचे हात खांद्यांवरच होते. मला सांगावंसं वाटलं, काका, नियमाने हे तिथल्या तिथे घ्यायचं असतं, दोन वर्षांनी चालत नाही. पण ते माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

मैदानातल्या उंबऱ्यापाशी, जिथून खेळाडू आत जातात, तिथे निखिल थांबला. बाकीचे आत गेले. त्याने ग्लोव्ह काढून काखेत धरला. मग वळला, आणि त्याने उजवा हात वर केला. कोपर सरळ.

काका बघत राहिले. न दिसल्यासारखे.

निखिल पंजावर उभा राहिला आणि त्याने हात आणखी उंच केला.

तेव्हा काकांनी खूण सोडली. हात खाली आले, आणि मग ते हात आता ठेवायचे कुठे, तेच त्यांना कळेना.